पॅनल बंद असतं तेव्हा

वेबपेजवर एखादी गोष्ट सरकवून दाखवणं हे आता काही कौतुकाचं काम राहिलेलं नाही. पान कसं दिसेल ते सांगणाऱ्या सीएसएसच्या दोन-तीन ओळी, पान काय करेल ते सांगणाऱ्या जावास्क्रिप्टच्या चार, बटण दाबलं की एक क्लास, म्हणजे नावाची चिठ्ठी, लागतो, क्लास लागला की पॅनल, म्हणजे मजकुराचा लपलेला कप्पा, सर्रकन बाहेर येतं, परत दाबलं की आत जातं, झालं. फर्स्ट इयरची पोरं जेवणाच्या सुट्टीत करून दाखवतात. यूट्यूबवर त्याचे व्हिडिओ तर इतके आहेत की सगळे बघायचे म्हटले तर रिटायरमेंट येईल. तरी मी इतकी वर्षं हेच करून राहिले आहे आणि अजून कंटाळा आलेला नाही, कारण करता करता माझं एक मत पक्कं होत गेलंय, की पॅनल चांगलं बनलंय का नाही हे ते उघडताना कळतच नाही. उघडताना सगळीच छान दिसतात. ते बंद असतं तेव्हा बघायचं.

सध्याचं निमित्त कूलरचं आहे. आमच्या ओळखीच्या एका काकांचं नागपूरच्या महाल भागात कूलरचं दुकान आहे. जो नागपुरात राहिला नाही त्याला कूलर म्हणजे काय हे नीट कळायचं नाही, पुण्यामुंबईकडे प्लास्टिकचा छोटा डबा कोपऱ्यात ठेवून त्याला कूलर म्हणतात. आमच्याकडे पत्र्याची ही मोठी पेटी, खिडकीला बाहेरून लावलेली, तीन बाजूंना पाणी झिरपणाऱ्या ताट्या, आत पंप, खाली टाकी, आणि होळी झाली की घराघरात तिची झाडपूस, ताट्या बदलणं, पंप चालतो का पाहणं, हा जवळपास सणच. गिऱ्हाइकाचे प्रश्न ठरलेले. ताटी खसची का वूडवूलची, का ते नवीन हनीकॉम्ब? टाकी किती लिटरची? मोटर कॉपर वाइंडिंगची आहे ना? पंप गेला तर बदलून मिळते का? काका-काकू हीच उत्तरं सीझनभर, सकाळपासून रात्रीपर्यंत देतात, म्हणून त्यांना वेबसाइट पाहिजे होती. प्रत्येक कूलरचा फोटो, खाली नाव, आणि ‘माहिती पहा’ दाबलं की सगळा तपशील.

‘पाहा बेटा,’ काका म्हणाले, ‘मला त्यातलं काही समजत नाही, पण ते सरकलं पाहिजे. सर्रकन. त्या शोरूमवाल्याच्या साइटवर कसं सरकते, तसं.’

अशी मागणी ऐकली की आमच्या धंद्यातले अर्धे लोक मनात हसतात, क्लायंटला नुसती चमकधमक पाहिजे म्हणून. मला मात्र काका बरोबर वाटले. समजा गिऱ्हाइकानं तिसऱ्या कूलरचं बटण दाबलं आणि खाली एकदम ठपकन मजकूर उगवला. चौथा कूलर कुठे गेला? हा मजकूर कोणाचा, वरच्याचा का खालच्याचा? छोट्या स्क्रीनवर तर आपण भलत्याच पेजवर आलो की काय असं वाटतं आणि माणूस बॅक दाबतो. तोच मजकूर फोटोखालून हळूच सरकत आला, खालचे कूलर डोळ्यांदेखत खाली सरकले, तर काही सांगावं लागत नाही, हे इथून निघालं, इथेच परत जाईल, आणि बाकीचे आहेत जागेवर. म्हणजे सरकण्यातून पत्ता कळतो. एवढ्यासाठी ते पाहिजे, आणि एवढं काम झालं की ते संपलंही पाहिजे. रॉबर्ट मिलर नावाच्या माणसानं १९६८ मध्येच लिहून ठेवलंय की सेकंदाच्या दहाव्या भागात कॉम्प्युटरचं उत्तर आलं तर ते माणसाला लगेच आल्यासारखं वाटतं आणि सेकंदाभराच्या आत आलं तर त्याची विचारांची तार तुटत नाही. त्या दोन्हींच्या मध्ये, तीनशे मिलिसेकंदांच्या आसपास, बहुतेक पॅनल नांदतात. सेकंदभर डुलत डुलत येणारं पॅनल पहिल्यांदा देखणं वाटतं आणि पाचव्यांदा त्याचा राग येतो.

हे सगळं एके काळी फार कष्टाचं होतं. ब्रेंडन आइकनं १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप या ब्राउझरवाल्या कंपनीत बसून दहा दिवसांत जावास्क्रिप्ट ही भाषा उभी केली, तेव्हा तिच्याकडून लोकांच्या अपेक्षा फॉर्ममधला फोन नंबर बरोबर भरलाय का तेवढं तपासण्याच्या. कोणाला काही हलवायचं असेल तर टायमर लावायचा आणि दर वेळी थोडे थोडे पिक्सेल पुढे ढकलायचे. मग २००६ मध्ये जॉन रेसिगनं जेक्वेरी, म्हणजे तयार जावास्क्रिप्टचा संच, आणली आणि स्लाइडटॉगल हा एक शब्द लिहिला की पॅनल वरखाली व्हायला लागलं. काही सांगितलं नाही तर चारशे मिलिसेकंद, फास्ट म्हटलं तर दोनशे, स्लो म्हटलं तर सहाशे. आमच्या पिढीनं त्या एका शब्दावर घरं चालवली, खोटं कशाला बोलू.

पण जेक्वेरी आत काय करायची हे बघण्यासारखं होतं. ती दर १३ मिलिसेकंदांनी उठून पॅनलची नवी उंची लिहायची. इकडे स्क्रीन सेकंदाला साठ वेळा रंगणारी, म्हणजे दर साडेसोळा-सतरा मिलिसेकंदांनी एकदा. दोघांचा ताल वेगळा, त्यामुळे काही उंच्या अशा निघायच्या की त्या मोजल्या, लिहिल्या आणि कधी कोणाला दिसल्याच नाहीत, फुकटची मजुरी. पुढे ब्राउझरांनी रिक्वेस्ट-अॅनिमेशन-फ्रेम दिलं, म्हणजे स्क्रीन रंगायची वेळ झाली की ब्राउझर स्वतःच बोलावतो, तेव्हा तो घोळ संपला, जेक्वेरी स्वतः मात्र त्याच्यावर २०१६ मध्ये आली. दुसरी गंमत रांगेची होती. एखाद्या चुळबुळ्या माणसानं बटण भराभर सात-आठदा दाबलं की प्रत्येक दाबणं रांगेत लागायचं आणि मग तो माणूस उठून चहा प्यायला गेला तरी पॅनल आपलं खाली-वर, खाली-वर, रांग संपेपर्यंत. आधीची रांग तोडायला स्टॉप म्हणावं लागायचं आणि ते न म्हटलेल्या साइटी मी अजूनही पाहते. सीएसएसच्या ट्रान्झिशनला, म्हणजे एका स्थितीतून दुसरीत हळूहळू नेण्याच्या सोयीला, हा रोग नाही. पॅनल निम्म्यात असताना परत दाबलं तर ते जिथे असेल तिथून वळतं.

मग सीएसएसनंच का नाही करायचं सगळं? तर तिथे वेगळीच आडकाठी होती. उंची शून्यावरून ‘ऑटो’वर न्यायची म्हटलं की ब्राउझर हात वर करायचा, कारण ऑटो म्हणजे आकडा नाही, ‘आत जेवढं असेल तेवढं’, आणि शून्य ते ‘जेवढं असेल तेवढं’ याचा मधला टप्पा काढायचा कसा. लोकांनी यावर काय काय केलं ते बघितलं तर हसू येतं आणि कौतुकही वाटतं. सगळ्यात जास्त चाललेली युक्ती मॅक्स-हाइटची, उंची ऑटोच ठेवायची पण तिच्या कमाल मर्यादेला शून्यावरून हजार पिक्सेलवर न्यायचं. उघडताना कोणाला शंका येत नाही. बंद करताना मात्र बघा. आतला मजकूर तीनशे पिक्सेलचा असेल तर मर्यादा हजारावरून तीनशेपर्यंत उतरेपर्यंत पडद्यावर काहीच होत नाही, दाबणारा वाट बघतो, त्याला वाटतं दाबलंच गेलं नाही, तो परत दाबतो, आणि तेवढ्यात सुरू झालेलं बंद होणं उलटं फिरून उघडायला लागतं. आमच्या टेस्टर बाई याला ‘रुसलेलं पॅनल’ म्हणायच्या.

याच्यापेक्षा प्रामाणिक रस्ता जावास्क्रिप्टचा. पॅनलला विचारायचं की तुझी आतली खरी उंची किती, म्हणजे स्क्रोलहाइट, तेवढे पिक्सेल लिहायचे, सरकणं संपल्याची खबर आली की परत ऑटो करायचं, म्हणजे कोणी फोन आडवा केला आणि मजकूर कमी ओळींत बसला तरी पॅनल जुन्या उंचीला चिकटून बसत नाही. बंद करताना याच्या उलट, आधी ऑटोचा आकडा लिहायचा, मग शून्य. पण इथे मधे एक ओळ लागते जी दिसायला अगदी बिनकामाची आहे, पॅनलची ऑफसेटहाइट नुसती वाचायची, ठेवायची कुठेच नाही. का, तर ब्राउझर आळशी नाही, हिशोबी आहे. तुम्ही लागोपाठ दोन आकडे लिहिले तर तो पहिल्याकडे बघतच नाही, शेवटचा तेवढा घेतो, आणि ऑटोवरून शून्य म्हणजे पुन्हा तेच, पॅनल फाडकन मिटतं. मधे उंची विचारली की त्याला हातातलं सोडून खरंच मोजमाप करावं लागतं, म्हणजे पहिला आकडा त्याच्या वहीत चढतो. आमच्या ऑफिसात, परसोडीच्या आयटी पार्कमध्ये, एक नवीन मुलगा आला होता, हुशार, टापटिपीचा. त्यानं ती ओळ पाहिली, म्हणाला, ‘ताई, हे व्हेरिएबल कुठेच वापरलं नाही, काढून टाकू ना?’ मी म्हटलं, काढ आणि पॅनल मिटवून बघ. त्यानं तीन-चारदा मिटवून पाहिलं, मान वर न करता ती ओळ परत टाकली आणि वर अशी लांबलचक कॉमेंट लिहिली की आता ती ओळ काढायची कोणाची छाती होणार नाही.

आता हे दिवसही सरले म्हणा. ग्रिडच्या, म्हणजे सीएसएसच्या चौकटींच्या मांडणीच्या, ओळीची उंची शून्य भागावरून एका भागावर नेली की तीच गोष्ट आकडे न मोजता होते, आणि २०२४ च्या सप्टेंबरात क्रोमनं थेट ऑटोपर्यंत सरकवायची सोय दिली, एक ओळ लिहून आधी परवानगी द्यायची एवढंच. पण ती सगळ्या ब्राउझरांत नसली तरी बिघडत नाही असं काम करून ठेवलं पाहिजे, म्हणजे जिथे नाही तिथे पॅनल न सरकता उघडेल. उघडेल हे महत्त्वाचं.

मोबाइलवर मी पॅनल खालून वर आणलं, पेज जागच्या जागी, त्याच्यावर पॅनल. कारण उन्हाळा. हे मजेनं लिहीत नाहीये. उंची बदलत नेली की दर फ्रेमला ब्राउझरला खालच्या प्रत्येक गोष्टीची जागा नव्यानं काढावी लागते, चौथा कूलर कुठे, पाचवा कुठे, फुटर कुठे. ट्रान्सफॉर्म या सीएसएसच्या दुसऱ्या सोयीनं सरकवलं तर त्या पॅनलचं चित्र एकदा काढून होतं आणि मग नुसतं ते चित्र हलवायचं, जे काम ग्राफिक्सवाली चिप झोपेत करते. ऑफिसच्या एसीत, टेबलावरच्या महागड्या फोनवर, दोन्हींत फरक सांगून दाखवा. तो फरक मी पाहिला काकांच्या गोदामात, मे महिन्यात, पत्र्याच्या शेडखाली, त्यांच्या कामगाराच्या जुन्या फोनवर. फोन तापला की त्याची चिप जळू नये म्हणून स्वतःचा वेग कमी करते, आणि मेच्या दुपारी आमच्याकडे फोन खिशातून काढायच्या आधीच तापलेला असतो. उंचीवालं पॅनल तिथे अडखळत, गचके खात येत होतं, आणि ट्रान्सफॉर्मवालं त्याच फोनवर तेलावर घसरल्यासारखं. २०२४ च्या मेअखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि मग सेन्सर बिघडल्याचं हवामान खात्याला सांगावं लागलं, पण त्या गोदामातल्या माणसांना विचारा, त्यांना तो आकडा चुकीचा वाटलाच नव्हता.

सरकण्याच्या चालीबद्दल थोडंच सांगते. एकसारख्या वेगानं आलेलं पॅनल मशीनसारखं वाटतं, सुरुवातीला झटकन आणि शेवटी हळू असं आलं की बरं वाटतं, आणि ही चाल ज्या चार आकड्यांनी लिहितात त्यांच्या मागे पिएर बेझिएचं गणित आहे, जो रेनॉमध्ये मोटारींच्या पत्र्याची वळणं आखायचा. काकांना हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले. पत्रा म्हटलं की त्यांना आपलं वाटतं.

इथपर्यंतचं सगळं उघडण्याबद्दल झालं. आता बंद.

बंद पॅनल म्हणजे नाटकात विंगेत उभा असलेला नट. प्रेक्षकाला तो दिसत नाही, पण तो आहे, पूर्ण मेकअप करून चार फुटांवर उभा आहे, आणि खोकला तर शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येतो. बहुतेक लोक पॅनल बंद करतात म्हणजे त्याला विंगेत ढकलतात, ट्रान्सफॉर्मनं स्क्रीनबाहेर, वर बाहेर गेलेलं झाकणारं ओव्हरफ्लो हिडन, दिसेनासं झालं की काम झालं. मग कीबोर्डवर टॅब दाबत जाणारा माणूस येतो. टॅब, टॅब, टॅब, मधेच फोकस, म्हणजे आपण कुठे आहोत ते दाखवणारी निळी चौकट, गायब. ती विंगेत गेलेली असते, न दिसणाऱ्या लिंकवर, आणि अशा दहा लिंका असतील तर दहा वेळा तो अंधारात. त्याहून विचित्र म्हणजे ओव्हरफ्लो हिडन असलं तरी ती जागा आतून स्क्रोल होऊ शकते हे लोकांना माहीतच नसतं, फोकस आतल्या लिंकवर गेला की ब्राउझर इमानेइतबारे ती लिंक दिसावी म्हणून सगळं ओढून आणतो आणि पेज अर्धं डावीकडे सरकून बसतं. स्क्रोलबार नाही, परत न्यायचं कसं कळत नाही. ओव्हरफ्लो क्लिप नावाची गोष्ट आता आहे, ती असं ओढू देत नाही, पण ते म्हणजे नटाच्या तोंडावर हात ठेवणं. त्याला ग्रीनरूममध्ये पाठवायला पाहिजे.

माझे एक मावसोबा आहेत, धरमपेठेत राहतात, नजर गेल्याला बरीच वर्षं झाली. फोन टॉकबॅकवर, म्हणजे स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या आवाजावर, चालवतात आणि आमच्यापेक्षा भराभर चालवतात, आवाजाचा स्पीड इतका की बाजूला बसणाऱ्याला एक शब्द कळत नाही. एकदा मी त्यांच्याकडे बसले होते आणि ते कुठल्यातरी साइटवर बिल भरून राहिले होते. फोननं बिलाचा आकडा वाचला, मग एकदम अटी आणि शर्ती सुरू, मग तक्रार कुठे करायची, मग जुनी बिलं कशी बघायची, मग अॅप डाउनलोड करा. मी स्क्रीनकडे बघते तर स्क्रीनवर यातलं काहीच नाही, बिल आणि खाली एक बटण. सगळं बंद पॅनलांमधून येत होतं. मावसोबा शांतपणे बोट फिरवत होते. म्हणाले, ‘तुला काय दिसून राहिलं?’ मी सांगितलं, बिल आणि बटण. ‘पाहा,’ ते म्हणाले, ‘तुमच्या घराला दार आहे, आमच्याकडे सगळे घरातूनच बोलून राहिले.’

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात बंदची व्याख्या बदलली. जे डोळ्याला बंद ते बोटाला, कानाला आणि कीबोर्डलाही बंद. हे करायला फार काही लागत नाही हीच तर चिडायची गोष्ट आहे. व्हिजिबिलिटी हिडन केलं तर फोकस आत जात नाही, आवाजवाला वाचत नाही. आणि व्हिजिबिलिटीला ट्रान्झिशन लावलं तर ती सरकणं चालू असेपर्यंत दिसती राहते, पॅनल पूर्ण आत गेल्यावरच बंद होते, हे ब्राउझरच सांभाळतो, टायमरची भानगड नाही. नाहीतर इनर्ट नावाचा अॅट्रिब्यूट आहे, २०२३ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत चालतो, तो लावला की तेवढा भाग मुका-बहिरा. मोबाइलवर पॅनल वर आलं की मी तोच इनर्ट उलटा, मागच्या पेजला लावते, कारण पॅनल उघडं असताना मागचं पेज बंद असलं पाहिजे, हेही बंदच की. आणि बटणावर आरिया-एक्स्पांडेड, म्हणजे मावसोबांचा फोन बटणावर आला की आधीच सांगतो, हे उघडं आहे का मिटलेलं. पॅनल मिटलं की फोकस परत त्याच बटणावर आणून सोडायचा, नाहीतर माणूस पेजच्या डोक्यावर जाऊन पडतो आणि तिसऱ्या कूलरपर्यंत परत चालत यायचं.

लिहिलेलं तपासायला पैसे लागत नाहीत हेही सांगून टाकते. विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम फुकट आहे, २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करननं तो सुरू केला, मग जेम्स टे त्याच्याबरोबर आला, दोघेही अंध. त्याच्यासोबत येणारा ई-स्पीकचा आवाज मराठीही बोलतो, जरा रोबोट आहे, ‘ताटी’ला ‘टाटी’ म्हणाल्यासारखं ऐकू येतं, पण कळतं.

काही लोकांना सरकणंच नको असतं, गरगरतं. २०१३ मध्ये आयफोनच्या नव्या सिस्टीममध्ये सगळं झूम होऊन यायला लागलं तेव्हा कितीतरी लोकांनी मळमळतं म्हणून तक्रारी केल्या होत्या, आता फोनमध्ये हालचाल कमी करायची सेटिंग असते आणि सीएसएसला ती विचारता येते. विचारायचं आणि सरकणं काढून टाकायचं, पॅनल नाही. फक्त ज्यांनी पुढचं सगळं काम ‘सरकणं संपलं’ या खबरेला टांगून ठेवलंय त्यांनी लक्षात ठेवावं, सरकलंच नाही तर ती खबर येत नाही.

मग प्रिंट. तुम्ही म्हणाल आता प्रिंट कोण काढतं. काका काढतात. काकांना प्रत्येक गोष्ट कागदावर लागते, दुकानात काउंटरच्या काचेखाली सरकवायला, आणि कागदावर बटण दाबता येत नाही. म्हणून प्रिंटच्या स्टाइलमध्ये सगळी पॅनलं सताड उघडी. तसंच शोधाचं, कोणी पेजवर ‘खस’ शोधलं आणि खस बंद पॅनलमध्ये असली तर ब्राउझर म्हणतो सापडली नाही. क्रोमनं २०२२ मध्ये यावर ‘सापडेपर्यंत लपलेलं’ अशा अर्थाची सोय आणली, शोधलं की पॅनल आपोआप उघडतं. आणि सगळ्यात वाईट बंद म्हणजे स्क्रिप्टच न आल्यामुळे बंद. महालात दुकानांच्या आत आत गेलं की नेटवर्क एका काडीवर येतं, फोटो आला, मजकूर आला, जावास्क्रिप्ट रस्त्यात अडकलं, मग ते पॅनल जन्मात उघडायचं नाही. म्हणून एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाच्या मूळ मजकुरातच, उघडं लिहायचं आणि स्क्रिप्ट आलीच तर तिनं मिटवायचं. किंवा एचटीएमएलचीच डिटेल्स आणि समरी ही जोडी वापरायची, ती स्क्रिप्टशिवाय उघडते-मिटते, आवाजवाल्याला आपलं आपण सांगते, २०२० पासून सगळीकडे आहे. काकांच्या साइटवर मोठ्या स्क्रीनसाठी मी तीच वापरली, सरकणं वरून चढवलं. ऑफिसातला तो टापटिपीचा मुलगा म्हणाला, ताई, मग यात आपण बनवलं काय? मी म्हटलं, थोडंसंच, आणि बिलही तेवढंच लावलंय.

फोनवरचा खरा बंद करणारा म्हणजे बॅक. कोपऱ्यातली ती फुली मी काढली, मोठी काढली, बोट बसेल अशी, आणि दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांच्या हातात फोन देऊन पाहिलं तर फुलीकडे कोणी ढुंकूनही बघेना. पॅनल वर आलं, वाचलं, बॅक. सगळे. वयस्कर, पोरं, सगळे. आणि ब्राउझरच्या दृष्टीनं पॅनल म्हणजे काही पान नाही, त्यामुळे बॅक म्हणजे साइटच गेली. मग पॅनल उघडताना ब्राउझरच्या हिस्टरीत एक खोटी नोंद टाकायची, बॅक दाबलं की ती निघते, ती निघाल्याची खबर आली की आपण पॅनल मिटवायचं, आणि फुली दाबली तरी स्वतः न मिटवता हिस्टरीलाच एक पाऊल मागे न्यायचं, म्हणजे दोन्ही रस्ते एकाच दारातून. एवढ्याचा फायदा असाही झाला की प्रत्येक कूलरच्या पॅनलला स्वतःची लिंक मिळाली, काकू आता व्हॉट्सॲपवर ती लिंकच पाठवतात.

काकांची पुढची मागणी ओळखा बरं. ‘वर एक मोठा फोटो पाहिजे, आपला आपला बदलणारा, एक गेला की दुसरा.’ मी सरळ नाही म्हटलं. आपोआप हलणारी गोष्ट पाच सेकंदांपेक्षा जास्त हलत असेल तर ती थांबवायची सोय द्यावी लागते असं अॅक्सेसिबिलिटीचा नियम सांगतो, ते एक. दुसरं, अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या वेबसाइटवर २०१३ च्या सुमारास मोजलं होतं, तसल्या बदलत्या चित्रांवर शंभरातला जेमतेम एक जण क्लिक करायचा, आणि तोही बहुतेक पहिल्याच चित्रावर. काका म्हणाले, ‘ते अमेरिकेतलं झालं. इथले लोक पाहतात बापा.’ मी म्हटलं, पाहतात, पण चौथा फोटो यायच्या आत खाली जातात ना. यावर ते गप्प बसले पण पटलं नसावं, कारण पोळ्यापर्यंत मला त्याची आठवण करून देत होते.

खरी वादावादी झाली ती किमतीवरून. काकांना किंमत पॅनलच्या आत पाहिजे होती, आणि आतही सगळ्यात खाली. त्यांचा हिशोब दुकानदाराचा, आधी माल दाखवायचा, ताटीला हात लावू द्यायचा, मोटर फिरवून दाखवायची, गिऱ्हाईक जरा पाघळलं की मग किंमत. मी सांगून थकले की वेबसाइटवर पाघळवायला तुम्ही समोर नसता. ज्या गोष्टीसाठी माणूस आलाय ती सरकत्या पॅनलमध्ये ठेवली की ते लपवणं झालं, आणि लोकांना लपवलेलं बरोबर कळतं, महाग असेल म्हणून सांगत नाहीत असं धरूनच चालतात. बंद पॅनल चांगलं असतं कारण आतलं ज्याला नको त्याच्या वाटेत येत नाही. किंमत कोणाला नको असते?

काका ऐकेनात. हे मिटवलं काकूंनी. त्या मागे रजिस्टर लिहीत बसल्या होत्या, फोन खांद्यात धरून, त्यांनी फोनवरच्या माणसाला ‘एक मिनिट हां भाऊ’ म्हटलं आणि काकांकडे वळल्या. ‘दिवसभर फोनवर किंमत कोण सांगते? तुम्ही सांगता का? साइट पाहून फोन करतात आणि विचारतात काय, तर किंमत. मग साइट केली कशाला?’ आणि परत फोनवर, ‘हाव भाऊ, सांगते.’

किंमत बाहेर आली, फोटोच्या खाली, ठळक. टाकीचे लिटरही बाहेर आले, कारण तो दुसरा प्रश्न. आत ताटीचा प्रकार, मोटर, पंपची वॉरंटी आणि घरपोच कुठपर्यंत एवढंच उरलं, सहा-सात ओळी. पॅनलची उंची निम्म्यावर आल्यावर तीनशे मिलिसेकंदांत ते रेंगाळल्यासारखं वाटायला लागलं, थोडं अंतर आणि तेवढाच वेळ, म्हणून दोनशेवर आणलं.